मांडीचा मान

मारुतीच्या देवळासमोर वांदर मेला, ही बातमी माझ्या सासऱ्यांनी म्हशीला सांगितली तेव्हा मला कळली.

"मोगरे, ऐकलंस काय?" गोठ्याच्या मेढीला हात टेकून ते म्हणाले. "मारुतीसमोर वांदर पडलो हा. काजीच्या मुळात. जनी बघून इली. आता माका जावक व्हया. धुतलेला धोतर खय आसा, देव जाणे."

मी धार काढत होते. मान वर न करता मी म्हशीच्या पोटाला सांगितलं, "मोगरे, धोतर मागच्या दारच्या दांडीवर आहे. आणि त्यांना सांग, वांदराला हात लावू नका म्हणावं. पलीकडच्या गावात आधी वांदरं मेली आणि मागोमाग माणसं तापानं झोपली. दोन जणं उठलीच नाहीत."

"मोगरे, सांग तिका. वांदर म्हणजे मारुतीचो माणूस. तो मारुतीसमोर मेलो तर तेका मांडयेर घेवन शेवटचा पाणी पाजुचा, ह्यो मान गवसांच्या घराचो. माझ्या आजयान पाजला, बापाशीन पाजला. आता माझी पाळी इली तर मांडी आखडून बसू?"

"मोगरे, मेलेल्या वांदरावरची गोचीड जिवंत असते. ती मान बघून चावत नाही."

मोगरीने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि शेपटीचा एक फटका माझ्या तोंडावर ओढला.

"बघ," आबा समाधानाने म्हणाले, "तिकाय पटला नाय." आणि धोतर शोधायला गेले.

आमच्या घरात बोलणं असं चाले. माझे यजमान गोव्यात कारखान्यात, रविवारी घरी येत. त्या दिवशी निरोपाचं काम त्यांच्याकडे आणि म्हशीला सुटी. एरवी सगळं मोगरीच्या कानावरून जायचं. चहा झालाय, मीठ संपलंय, वीजबिल आलंय. वाडीतल्या बायांना यात नवल वाटत नसे. जुन्या वळणाचं घर, सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही, असं त्या म्हणत, आणि मीही कोणाचा समज खोडून काढायला गेले नाही. मी घाटावरची, चंदगडकडची. माझ्या बोलण्याला आधीच हसायच्या. त्यात म्हशीशी बोलते म्हटल्यावर आणखी काय हसणार?

मी वाडीची आशाताई, म्हणजे आशा सेविका होते. आमची केळंबवाडी गोव्याच्या हद्दीला लागून, रानाच्या कुशीत. काजूचे दिवस आले की सगळा डोंगर लाल-पिवळ्या बोंडवांनी पेटायचा, हवेला आंबूस गोड वास सुटायचा आणि बाया पहाटेच पाट्या घेऊन झाडांखाली वाकायच्या. खाली पाचोळ्याचा जाड बिछाना. त्या पाचोळ्यात मोहरीएवढ्या गोचिडी. वांदराला ताप व्हायचा, वांदर मरून पडायचा, अंग थंड झालं की गोचिडी उतरून पाचोळ्यात पसरायच्या आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाच्या पायाला धरायच्या. माकडताप म्हणतात त्याला. आरोग्य खात्याने मला एका तेलाच्या बाटल्या दिल्या होत्या. रानात जाण्याआधी हातापायांना चोळायचं. त्याचा वास असा, की गोचिडीच काय, नवरासुद्धा जवळ येऊ नये.

"नाव सुगंधा, आणि हातात ह्या तेल!" जनीकाकी म्हणायची आणि बाटली घेऊन गेल्यासारखं करून आमच्याच तुळशीमागे ठेवून जायची.

तर त्या सकाळी मी दुधाची चरवी चुलीशी ठेवली आणि फोन घेतला.

आधी आरोग्य सहाय्यक परुळेकरांना लावला. सभ्य, सावकाश बोलणारे, प्रत्येक वाक्याला इस्त्री केलेले. ते म्हणाले, "वांदर ना? मग सुगंधाताई, हा विषय वनखात्याचा. माणूस आजारी पडला तर मला जरूर कळवा."

वनपाल चौगुल्यांना लावला. कोल्हापूरकडचा गडी, फोनमधूनही मिशी दिसायची. "मेलंय? आवो मग जनावराच्या डाक्टरला सांगा की. जित्तं असतं तर आलो असतो पळत."

पशुवैद्यकीय डॉक्टर लोखंडेबाई यवतमाळच्या, नव्या नेमणुकीच्या. "वन्यप्राण्याला मी कशी हात लावू, सांगा बरं? वनखात्याचं पत्र नको का? मी सांगून राहिले, आधी त्यांना बोलवा."

फोन खाली ठेवला तर बाहेर ढोलाची कातडी शेकत ठेवल्याचा वास येत होता. वांदराच्या मिरवणुकीची तयारी. कातडं तापलं की ढोल वाजणार, ढोल वाजला की आबा मांडी घालणार. मी तिघांनाही पुन्हा फोन लावला आणि तिघांनाही एकच सांगितलं, "बाकीचे दोघं येऊन बसलेत. तुमच्यावाचून अडलंय. लोक विचारतायत, तुमचंच खातं कसं मागे?"

ही मात्रा बरोबर लागू पडली.

मी देवळाशी पोचले तेव्हा अर्धी वाडी जमली होती. वांदराला बसवून मिरवायला आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीला झेंडूच्या माळा, गुलाल, पाठीला जरीचा खण. काजीच्या, काजूच्या झाडाच्या, मुळात वांदर निजला होता. एका कुशीवर, गुडघे पोटाशी, आणि एका मुठीत अर्धा खाल्लेला बोंडू. मरतानाही त्याने गोड टाकलं नव्हतं.

देवळाच्या रंगासाठी आणलेला चुना कोपऱ्यात होता. मी ओंजळ भरून घेतली आणि वांदराभोवती लांबून एक मोठी रेघ मारली. "या रेघेच्या आत कोणी यायचं नाही."

"अगो बाये," जनीकाकी म्हणाली, "रेघ सीतेसाठी मारतत. वांदर रेघ ओलांडून खय जातलो?"

सगळे हसले. आबा हसले नाहीत. अंघोळ करून, दांडीवरचं धोतर नेसून, तुळस घातलेला तांब्या घेऊन ते रेघेशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं. मोगरी नव्हती. शेवटी त्यांनी देवळाच्या खांबाला सांगितलं, "ढोल तापासर मी थांबतंय. मगे थांबूचंय नाय."

ढोल तापायच्या आत तीन मोटारसायकली आल्या. तिघेही उतरले, एकमेकांकडे बघितलं, आणि आपणच आधी पोचलो नाही याची तिघांनाही खंत वाटली. मग ते रेघेशी गेले, वांदराकडे बघितलं, आणि भांडण सुरू झालं.

"हे बघा," चौगुले मिशीला हात लावून म्हणाले, "वांदर आमचा. मेला तरी आमचा. पंचनाम्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई."

"मग उचला," लोखंडेबाई म्हणाल्या.

"आवो, उचलायला त्याच्या अंगावर गोचिड्या हायती. गोचिडी काय आमच्या न्हाईत. गोचीड म्हंजे रोग. रोग आरोग्याचा."

परुळेकरांनी चष्मा पुसला. "क्षमा करा. गोचीड माणसावर बसली तर ती माझी. वांदरावर बसलेली गोचीड ही वांदराच्या मालकाची."

"आणि म्हशीवर बसली तर?" जनीकाकीने मधेच विचारलं.

"तर ती डॉक्टरबाईंची."

"आणि खाली पाचोळ्यात पडली तर?"

पाचोळ्यातली गोचीड कोणाचीच नव्हती.

"अन् उडी मारून इकडची तिकडे गेली तर?" मागून कोणीतरी.

"गोचीड उडी नाही मारत," लोखंडेबाई चिडून म्हणाल्या, "पिसू मारते. अन् तुम्ही काय मजा बघून राहिले? मला नमुने घ्यायचेत, ऊन चढलं की सगळं वाया जाईल. चौगुलेसाहेब, पत्र द्या, मी चिरते."

"पत्रावर सायबाची सही लागती."

"मग मी गोचीड मारायची भुकटी कशी फवारणार?" परुळेकर म्हणाले. "ज्या जागी वांदर आहे ती जागा वनखात्याची, की ग्रामपंचायतीची, की देवस्थानची?"

"देवाची जागा देवाची!" आबांचा आवाज चढला.

एवढ्या वेळ ते ऐकत होते. तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडत होत्या. आता तर ते हसत होते. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"मगे सांगा ना, मानपानाचो वाद आसा!" ते म्हणाले. "मी म्हटलंय, सरकारची माणसा म्हणजे काय मोठा शास्त्र बोलतत. ह्यो तर आमच्या पालखयेचो वाद. तेल्यांनी दिवटी धरूची, परबांनी खांदो देवचो, गवसांनी गाऱ्हाणा घालूचा. एकदा परबांच्या झिलान दिवटी धरल्यान तर तीन वर्षा शिमगो बंद. तुमचा तसाच झाला. खांदो कोणाचो आणि दिवटी कोणाची, इतकाच ना?"

"तसं म्हटलं तर..." परुळेकर पुटपुटले.

"तसाच म्हणा. ढोल थांबवा रे. आधी गाऱ्हाणा."

आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्यावाचून सुरू होत नाही. देवाला सगळी हकीकत मोठ्याने सांगायची, काय हवं ते मागायचं, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला हुंकार द्यायचा. आबांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले. वारा पडला होता. काजीचं एक पान सुद्धा हलत नव्हतं.

"बा देवा मारुतीराया, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" वाडी गरजली.

"आज तुझो माणूस तुझ्या पायाशी इलो, काजीच्या मुळात निजलो. तेच्या निमतान सरकारच्या तीन घरांची माणसा तुझ्या आंगणात जमली, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तू एकाक रान दिलंस, एकाक गोरवा दिलंस, एकाक माणसा दिलंस. तुझी वाटणी चुकली नाय. पण तिघय आपापल्या बांधार उभे रवान वरडतत आणि मधल्या वाटेन ताप येता, म्हाराजा! ताप काय बांध बघून येणा नाय, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" यावेळी चौगुल्यांचा आवाज सगळ्यात वर होता. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी टोपी नीट केली.

"तर रानवाल्यान उचलूचा, गोरवावालीन तपासूचा, माणसावाल्यान भुकटी मारूची. कोणी दुसऱ्याच्या मानात पाय घालूचो नाय, आणि कोणी आपलो मान टाकून पळाचो नाय. सायबाची सही मागसून येंवदे, पण तुझी सही आज होवंदे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि सगळ्यांचा झाला की शेवटचो मान गवसांचो, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळी वाडी म्हणाली. माझं तोंड मात्र उघडलं नाही.

नारळ फुटला. आणि काय सांगू, जे काम फोनवर होत नव्हतं ते झालं. आपल्याला मान मिळालाय म्हटल्यावर तिघांच्या चालीतच फरक पडला. लोखंडेबाईंनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवला, तोंडाला पट्टी, डोळ्यांना काच. जनीकाकी म्हणाली, "बायेक शिमग्याचा सोंग बरा दिलानी!" बाईंनी तसाच आणखी एक पोशाख चौगुल्यांना दिला. त्यात त्यांची मिशी मावेना. दोन्ही टोकं बाहेर राहिली तसेच ते आत गेले आणि वांदराला त्यांनी, खोटं नाही सांगत, झोपलेलं पोर उचलावं तसं उचललं. मूठ सोडवली नाही. बोंडू तसाच ठेवला.

बाईंचं काम चाललं तेव्हा चौगुले त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते. बाई म्हणाल्या, "छत्री धरणं तुमच्या मानात नाही बरं." ते म्हणाले, "असू द्या की, डोकं तापलं तर चिमटा चुकंल." परुळेकर भुकटी मारत काजीभोवती फिरत होते, नवशिक्या रांगोळीवाल्यासारखे, आधी बिचकत, मग जीव लावून. एक फेरी संपल्यावर ते स्वतःहून बाईंना म्हणाले, "डॉक्टर, इथे चरायला येणाऱ्या गुरांचंही बघायला हवं ना? मी वाडीत विचारून ठेवतो." मला वाटलं, ऊन लागलं असावं.

नमुने बर्फाच्या डब्यात गेले. रेघेच्या आतच, मोकळ्या जागी, चौगुल्यांनी लाकडं रचून घेतली. वाडीत कुठे न फिरवता इथेच जाळायचं, असं बाईंनी सांगितलं होतं आणि लोकांनीही मानलं, कारण अग्नी म्हटल्यावर कोणाची तक्रार नव्हती. वांदराला चितेवर ठेवलं. तोंड तेवढं उघडं.

आणि आबा रेघेच्या आत गेले. चितेशी पंचा अंथरला, मांडी घातली, धोतर सारखं केलं, तांब्या उजव्या हाताला ठेवला.

"आता माझो मान," ते म्हणाले. "आणा तेका हयसर."

तिघेही माझ्याकडे बघायला लागले. गाऱ्हाण्यात त्यांनीच होय म्हटलं होतं. आता नाही कसं म्हणणार? लोखंडेबाई म्हणाल्या, "आजोबा, नमुने घेतले, पण गोचिडी अजून आहेत अंगावर. मी सांगून राहिले, ताप आला तर तुमच्या वयाला झेपणार नाही." आबा म्हणाले, "बाये, तुझो मान तुका मेळलो. मी मधी इलंय?" चौगुल्यांनी वांदराकडे हात नेला आणि मागे घेतला.

मी काय करणार होते? तोंडावर बोलायची सोय नव्हती. म्हैस घरी होती. सगळ्या गावासमोर सासऱ्याला हाताला धरून उठवलं असतं तर ते उठले नसतेच, वर आयुष्यभर खाली बघत जगले असते. माझ्या आईने जात्याशी बसून मला एक गोष्ट शिकवली होती. जे सासऱ्याला, दिराला, पाटलाला बोलता येत नाही ते ओवीत बोलता येतं. ओवीला कोणी उद्धट म्हणत नाही. तिथे जातं नव्हतं. मी चुन्याच्या रेघेशी बसले, पदर ओढला, आणि मेलेल्या वांदराकडे बघून सूर लावला.

अंजनीच्या लेका, कसा निजलास वनात
अंगी गोचिडींचं लेणं, ताप त्यांच्या मनात

गोचीड ओवीत कधी कोणी ऐकली नव्हती. जनीकाकी फिसकन हसली, पण तिने सवयीने दुसरी ओळ माझ्यामागून धरली. मागे आणखी दोघी-तिघींनी.

अंजनीच्या लेका, तुला मांडी देऊ कशी
मांडी देणारा निजला, कोण राखील म्हशी

"होय तर," चौगुले हळूच म्हणाले. आबा मान खाली घालून बसले होते. मला त्यांचं टक्कल दिसत होतं, त्यावर गंधाचा एक ओघळ. तिसरी ओवी मी जुळवलेली नव्हती. ती आपोआप आली.

अंजनीच्या लेका, पाणी दुरून रे घेई
एक माणूस नेलं घरचं, दुसरं नको नेई

दुसरी ओळ कोणी धरली नाही. मी एकटीनेच संपवली, आणि शेवटचा सूर फाटला.

आबांनी मान वर केली. मग त्यांनी तांब्या उचलला, उठले, पंचा खांद्यावर टाकला आणि रेघेबाहेर आले. सरळ माझ्यासमोर.

"सुगंधा," ते म्हणाले.

जनीकाकीने तोंडावर हात घेतला. "आबान सुनेक नावान हाक मारल्यान!"

"सुगंधा, पाणी दुरून देवचा तर माझो हात पुरुचो नाय. लांब बांबू बघ खय मेळता काय. आतसून पोकळ."

बांबू मिळाला. पाटाचं पाणी माडांना सोडायला आम्ही पेरं फोडून पन्हळ करतो तसला, चांगला लांब. आता एका टोकाला आबा, दुसरं टोक वांदराच्या ओठाशी; मधे धरणार कोण? बांबू वाकत होता. चौगुल्यांनी वांदराकडचं टोक धरलं, परुळेकरांनी मधला भाग खांद्यावर घेतला. लोखंडेबाई म्हणाल्या, "तिरपा करा, तिरपा. नाही तर पाणी तुमच्याच कानात जाईल," आणि स्वतःच येऊन बांबूला खालून हात दिला. आबांनी तांब्या ओतला. पाणी वनखात्याच्या, आरोग्याच्या आणि पशुसंवर्धनाच्या हातांवरून घरंगळत गेलं. थोडं परुळेकरांच्या बाहीत शिरलं. उरलेलं वांदराच्या ओठांवर पडलं.

"मेळला," आबा म्हणाले.

मिरवणूक निघालीच. खुर्ची रिकामी मिरवली, तिच्यात नुसता झेंडू. ढोल खूप तापला होता, त्यामुळे चांगला वाजला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, तरी एक सांगायचं राहिलं. आबा माझ्याशी म्हशीमार्फत बोलत ते जुन्या वळणामुळे नव्हे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते माझ्याशी तास तास बोलायचे, घाटावरच्या ओव्या म्हणून घ्यायचे. वांदर मेला त्याच्या आदल्या वर्षी काजूच्याच दिवसांत सासूबाई रानातून आल्या आणि तापाने पडल्या. नाकातून रक्त येऊ लागलं. आबा म्हणत होते, घरी ठेवू. मी ऐकलं नाही. गाडी करून गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. आबा गुरांपायी मागे राहिले. सासूबाई तिथेच गेल्या. त्या दिवसापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. एकदाच, तेराव्याच्या दिवशी, गोठ्यात मोगरीला म्हणाले होते, "माझ्या मांडयेर जाणार होती. पळवून नेल्यान." मी पलीकडे शेण काढत होते. तिथून आमचं बोलणं म्हशीच्या कानात शिरलं ते तिथेच राहिलं.

तपासणीचा निकाल यायला बरेच दिवस लागले. निकाल घेऊन तिघे एकत्रच आले, वनखात्याच्या जीपमधून. वांदराला माकडतापच होता. तोवर त्यांनी वाडीतली सगळी गुरं तपासून औषध मारलं होतं, चौगुले रोज रानात नजर टाकून परुळेकरांना फोन करत होते, आणि तेलाच्या बाटल्या तुळशीमागून नाहीशा झाल्या होत्या, कारण दुसऱ्याच दिवशी आबाच ते तेल अंगाला चोळून वाडीभर फिरले होते. त्या हंगामात आमच्या वाडीत एकही माणूस तापाने पडला नाही. बाकी वासाबद्दल जनीकाकी अजूनही बोलते.

जीप गेल्यावर आबा अंगणात काजूबिया वाळत पसरायला बसले. मी दारात उभी होते.

"सुगंधा, तिचोय ताप ह्योच?"

"रक्त तेव्हा कोणी या तापासाठी तपासलं नव्हतं, मामंजी. पण लक्षणं हीच होती."

"म्हणजे घराक ठेवलंय असतंय तर..."

"वाचल्या नसत्या. त्रास जास्त झाला असता. तिथे निदान झोप लागायची."

ते बिया पसरत राहिले. हात मात्र एकाच जागी फिरत होता.

"पाणी कोणी दिल्यान?"

वर्षभर मी या प्रश्नाची वाट बघत होते. म्हशीमार्फतसुद्धा तो आला नव्हता.

"मी दिलं. डोकं मांडीवर घेतलं होतं. नर्सबाई नको म्हणत होत्या. चमच्याने दिलं, ओठ तेवढे ओले झाले."

"काय बोलली?"

"म्हणाल्या, त्यांच्या पेजेत मीठ जास्त घालू नको. मागतील, पण घालू नको."

आबांच्या तोंडातून एक आवाज निघाला. हसू होतं की काय होतं, मला कळलं नाही. त्यांनी पंच्याने तोंड पुसलं, मग उगाच बियाही पुसल्या.

"मगे मान झालो," ते म्हणाले. "आमच्याच घरात झालो."

थोड्या वेळाने त्यांनी शेजारची पाटी सरकवून जागा केली.

"बस. उभ्यान कित्याक सांगतस?"

मी बियांच्या पलीकडे बसले. मग ते गाडी कोणाची केली होतीस, वाटेत ती काय म्हणाली, खिडकीशी कोण बसलं होतं, असं पहिल्यापासून एकेक विचारू लागले.